अल्सर, साबुदाण्याच्या गोळ्या आणि १४ दिवसांचा कोर्स

ताई, तुमच्या भावाला दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या लगेच पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर सापडलाय. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही पॉझिटिव्ह आहे. अँटिबायोटिक्सनं पोट बिघडेल, त्यापेक्षा दादरच्या होमिओपॅथकडे न्या, असं घरच्यांचं म्हणणं. माझं मत आधीच सांगतो: होमिओपॅथी हवी तर घ्या, पण अँटिबायोटिक्सच्या कोर्सच्या जागी नको.

अडचण त्या जंतूची आहे. अल्सर म्हणजे चिंता, जागरण आणि तिखट, असं डॉक्टरही वर्षानुवर्षं धरून चालत. १९८२ मध्ये पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. कोणी मनावर घेईना, तेव्हा मार्शल १९८४ मध्ये त्याचं कल्चर चक्क प्यायले आणि जठराला सूज आणून घेतली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. तेव्हा वडापावला शिव्या देणं थांबवा. तिखटानं आग वाढेल, पण व्रण त्यानं होत नाही.

दुसरं मोठं कारण वेदनाशामक गोळ्या. भाऊ टॅक्सी चालवतो, कंबर धरते, असं तुम्ही लिहिलंय. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेत असेल तर डॉक्टरांना सांगा. (हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका.) सिगारेट असेल तर व्रण भरायला वेळ लागतो.

आता होमिओपॅथी. चिडका, जागरणं करणारा, चहावर जगणारा माणूस दिसला की नक्स व्होमिका. घाईगडबडीचा, पोट फुगणारा, गोडखाऊ असेल तर अर्जेंटम नायट्रिकम. काली बायक्रोमिकम, लायकोपोडियम हीही नेहमीची नावं. तो डॉक्टर तासभर ऐकून घेतो, हे खरंच मोलाचं आहे; ओपीडीच्या गर्दीत तेवढा वेळ कोण देणार? पण ३० सी म्हणजे १ वर ६० शून्यं इतकं पातळ केलेलं औषध. त्या गोळीत मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये होमिओपॅथीवरचे अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा एकाही आजारासाठी मिळाला नाही.

मग ‘आमच्या मावशीला गुण आला’ ते काय खोटं? मुळीच नाही. हा अल्सर आपोआप भरतो आणि परत फुटतो. जुन्या औषधचाचण्यांत ज्यांना नुसती खोटी गोळी दिली, त्यांच्यातल्याही साधारण तिसऱ्या हिश्शाचे व्रण काही आठवड्यांत भरलेले दिसले. त्या काळात जी गोळी चालू असेल तिला श्रेय मिळतं. जंतू मात्र आतच राहतो आणि बहुतेकांचा अल्सर वर्षा-दोन वर्षांत परत येतो. म्हणून दुखणं थांबलं म्हणजे काम झालं, असं धरू नका.

कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो: आम्ल कमी करणारी गोळी, दोन अँटिबायोटिक्स, कधी बिस्मथ. तोंड कडवट होतं, पोट थोडं ढवळतं, तरी मधे सोडायचा नाही. अर्धवट सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करा. त्याआधी २ आठवडे आम्लाची गोळी बंद हवी, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. बरेच जण ही तपासणी टाळतात.

बिस्मथनं शौच काळी होते, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट, उग्र वासाची झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, किंवा अचानक असह्य दुखून पोट फळीसारखं कडक झालं, तर कोणत्याही गोळीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी. तुमच्या भांडुपहून घाटकोपरचं राजावाडी किंवा सायन रुग्णालय गाठता येईल. दुर्बिणीचा रिपोर्ट आणि चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्या.