आधी रान बघ, मग मशीन काढ

प्रिय पोरा,

तुझा मेसेज वाचला. जमिनीखालची जुनी घरं-भिंती न खणता शोधायला मॅग्नेटोमीटर, म्हणजे मातीतल्या चुंबकत्वाचा फरक मोजणारं मशीन, हातात आलाय आणि पंचगंगेकाठच्या रानात कधी एकदा फिरवतोय असं तुला झालंय, पण माझं ऐक, पहिले दोन दिवस मशीन पेटीतच राहू दे.

आपला काळा दगड मुळातच मॅग्नेटिक, त्यामुळे बाहेरच्या देशात चुनखडीच्या जमिनीवर येतात तसली स्वच्छ चित्रं इथं येत नाहीत, मातीत गाडलेले चार धोंडेसुद्धा मोठा सिग्नल देऊन जातात. भाजलेली वीट आणि भट्टी मात्र उठून दिसते, कारण तापलेली माती थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवते. कोल्हापुरात ब्रह्मपुरीला १९४५-४६ च्या उत्खननात सातवाहन काळातली विटांची घरं निघाली, तसलं काही खाली असेल तर आशा आहे. पण टाउन हॉल म्युझियममधला ब्राँझचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, बघितलायस ना, तसली मूर्ती पुरलेली असली तर मशीन वरनं जाईल आणि काहीच सांगणार नाही, ब्राँझ मॅग्नेटिक नसतं.

भिंतीच्या पायासाठी रेझिस्टिव्हिटी घे, म्हणजे जमिनीत इलेक्ट्रोड (धातूच्या कांड्या) टोचून माती विजेला किती अडवते ते मोज. दगडविटांत ओल कमी, भोवतीच्या मातीत जास्त, या फरकावरच सगळा खेळ. म्हणून वापसा धर, रान ना फार ओलं ना फार कोरडं. भर पावसात सगळंच ओलं आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडल्या की इलेक्ट्रोड मातीला नीट टेकतच नाही. जीपीआरचा, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडणाऱ्या रडारचा, आग्रह नको, ओली चिकण माती त्याचा सिग्नल गिळते.

एकदा आमच्या मॅग्नेटोमीटरच्या चित्रात काळा-पांढरा, काळा-पांढरा असे मणी ओवल्यासारखी सरळ रेघ आली, मला वाटलं तटबंदीच, रात्रभर झोप नाही. सकाळी रानाच्या मालकांना प्रिंट दाखवली तर म्हणाले, "ही आमच्या मोटरची लाइन, आजोबांनी घातलेली, लोखंडी पाइप हाय." आमच्यासाठी त्यांनी उसाची लागण थांबवून ठेवली होती रे, आणि मी आधी त्यांना विचारलंच नव्हतं. ते मला अजून लागतं.

तेव्हा आधी त्यांच्याबरोबर रान फीर. मोटरची लाइन, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), तारेचं कुंपण, जुनी बुजवलेली विहीर, सगळं वहीत काढ, सरी कुठल्या दिशेला हाय तेही लिही, कारण डेटात तिचे पट्टे येतात, आणि चालताना सरीला आडवं चाल. मोबाईल, बेल्ट, किल्ल्या बांधावर ठेव.

ऊस तुटला की खोडव्याला पाणी कधी सोडणार ते त्यांना विचार आणि त्याच्या आधीचे दिवस मागून घे. वहीच्या पानाचा फोटो मला पाठव, ग्रिड (मोजणीचे चौकोन) कुठं टाकायचा ते मग फोनवर ठरवू.