आतडं म्हणजे सहावारी साडी

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, चौथी-पाचवी एकाच वर्गात बसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पदरचे पैसे घालून कार्डशीट, थर्माकोल, स्केचपेन आणून 22 तक्ते केले. आता वर्गात भिंत दिसत नाही. केंद्रप्रमुखांनी फोटो काढून ग्रुपवर पण टाकले. पण परवा पचनसंस्थेचा तक्ता उलटा केला आणि विचारलं, जठरातून अन्न पुढे कुठे जातं, तर 19 पोरांतल्या 4 जणांनाच सांगता आलं. तक्ता जूनपासून डोळ्यासमोर आहे हो! कुठे चुकतंय? (एक शिक्षिका, जि. सातारा)

उत्तर: ताई, जूनपासून डोळ्यासमोर आहे हीच तर गोची आहे. आपल्या घरातलं कॅलेंडर रोज बघतो आपण, पण त्यावर या महिन्यात कुठल्या देवाचा फोटो आहे ते आत्ता न बघता सांगा बरं. पोरांचं तेच झालंय, तुमचे तक्ते त्यांच्यासाठी भिंतीचा रंग झालेत.

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये एक प्रयोग छापला होता, बालवाडीच्या 24 मुलांना काही धडे चित्रांनी खच्चून भरलेल्या वर्गात शिकवले आणि काही मोकळ्या भिंतींच्या वर्गात. मोकळ्या वर्गात बरोबर उत्तरं 55 टक्के, भरलेल्यात 42. लगेच सगळं फाडून टाकू नका, तेही तसं म्हणत नाहीत. पण 22 पैकी चालू धड्याचे दोन-तीनच लावा, बाकीचे कपाटात. वर्ग ओकाबोका दिसतो म्हणून कोणी बोललं तर बोलू दे.

दुसरं म्हणजे तयार चित्र दाखवण्यापेक्षा फळ्यावर काढत काढत शिकवा. तोंड काढलं, घास गेला, मग अन्ननलिका, मग जठर, जसं बोलाल तसा खडू पुढे सरकला पाहिजे, म्हणजे पोरांची नजर नेमकी जिथे हवी तिथेच असते. चित्र वाकडं आलं तर येऊ दे, पोरं हसतात आणि तेच लक्षात ठेवतात. आणि नावं अवयवाच्या अंगावरच लिहा, ते 1, 2, 3 आकडे टाकून खाली यादी देणं बंद करा, त्यात पोरांचं निम्मं डोकं खालीवर बघण्यातच जातं.

आता आतडं. चित्रात ते वेटोळं दिसतं, लांबी काय कळत नाही. घरातली जुनी सहावारी आणा. ती भरते साडेपाच मीटर आणि माणसाचं लहान आतडं साधारण 6 मीटर, म्हणजे साडीपेक्षा जरा जास्तच. दोन पोरांना टोकं धरून व्हरांड्यात पार लांबवर उभं करा, मग तीच साडी घडी घालून एकाच्या पोटाशी धरायला लावा. मोठं आतडं मात्र दीडच मीटर, त्याला एक पंचा पुरतो. ‘मोठं असून छोटं कसं?’ हे पोरंच विचारतील, तेव्हा सांगा की नाव लांबीवरून नाही, जाडीवरून पडलंय. थर्माकोलचा खर्च शून्य. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे घेऊनच आदिवासी पोरांना शिकवलं होतं की.

शेवटी फळा पुसा आणि वही उघडून आठवेल तसं काढायला सांगा, न बघता. राहिलेलं नंतर वेगळ्या रंगाने भरायचं. चार दिवसांनी परत. ही पायरी गाळलीत तर साडी पण तक्त्यासारखीच वाया जाईल, कारण बघताना सगळं येतंय असंच वाटतं, येतंय की नाही ते काढायला बसल्यावर कळतं.

प्रश्न: मुलगी सातवीत आहे. क्लासवाले म्हणतात ती ‘व्हिज्युअल लर्नर’ आहे, तिला व्हिडिओचं वेगळं पॅकेज घ्या. घेऊ का? (एक पालक, नागपूर)

उत्तर: नका घेऊ. काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, हे ऐकायला छान वाटतं, पण त्या गटाप्रमाणे शिकवलं की मुलं जास्त शिकतात याला धड पुरावा नाही, 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञांनी सगळे अभ्यास तपासून हेच सांगितलं. चित्राचा फायदा सगळ्यांनाच होतो, आणि बघण्यापेक्षा काढण्याचा जास्त. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या प्रयोगांत नुसते लिहिलेले शब्द आणि चित्र काढलेले शब्द ताडून बघितले तर काढलेले जास्त आठवले, चित्रकला कशी का असेना. तेव्हा पॅकेजच्या पैशात पाठकोऱ्या कागदांची थप्पी आणा, आणि रात्री जेवण झाल्यावर तिला म्हणा, आज शाळेत काय झालं ते मला काढून दाखव, मला काही कळत नाही त्यातलं.