दाराशी कोण आलंय?

प्रश्न : आई दिवसभर एकटी असते. गुडघेदुखीमुळे दारापर्यंत जायला तिला वेळ लागतो. व्हिडिओ डोअरबेल बॅटरीची घ्यावी की तारेची? आणि लावायची कुठे?

उत्तर : आधी एक सांगा, आईंचा फोन कायम त्यांच्याजवळ असतो का? आमच्या सासूबाईंचा उशीखाली असायचा. बेल वाजायची ती ॲपमधून माझ्या फोनवर, ऑफिसात; घरात शांतता! म्हणून घरात वाजणारा वेगळा चाइम असलेलीच घ्या. स्क्रीनवाला इनडोअर मॉनिटर मिळाला तर उत्तमच, तो पलंगाजवळ ठेवता येतो.

बॅटरीची बसवायला सोपी, पण चार्ज करायची आठवण तुम्हालाच ठेवावी लागेल. तारेच्या बऱ्याच बेलना 16 ते 24 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो. जुनी बेल थेट 230 व्होल्टवर असेल, तर ती तार नव्या बेलला जोडू नका, जळेल. हे काम इलेक्ट्रिशियनचं.

खरेदीपूर्वी दार बंद करून बाहेर उभं राहा आणि फोनवर वायफायने व्हिडिओ कॉल लावून बघा. अडखळला तर बेलही अडखळणार. बहुतेक बेल वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडवर चालतात.

उंची साधारण चार फूट. मी हौसेने डोळ्यांच्या रेषेत लावली होती. महिनाभर नुसत्या टोप्या आणि टकलं पाहिली. खाली ठेवलेलं पार्सल दिसेचना. शेवटी भिंतीला दोन जादा भोकं पडली, ती अजून आहेत.

आणि हो, शेजाऱ्यांचं दार चित्रात येत असेल तर ॲपमधल्या प्रायव्हसी झोनने तेवढा भाग झाका.