निळ्यावर भिस्त नको : खंड्याविषयी दोन प्रश्न

प्रश्न : सांगलीत आयर्विन पुलाच्या परिसरात कृष्णेकाठी चिमणीएवढा निळा-नारिंगी खंड्या मला सकाळी नेहमी दिसतो. ऑक्टोबरमध्ये कोयनेच्या बाजूला, झाडीने झाकलेल्या एका ओढ्यावर तसाच, पण बराच गडद निळा पक्षी क्षणभर दिसला. तो निळकान खंड्या असेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : केवळ गडद निळेपणावरून तसे म्हणता येणार नाही. खंड्याच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसतेच. पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळा रंग दिसतो. त्यामुळे नदीच्या उघड्या पात्रात उन्हात आकाशी किंवा हिरवट भासणारा नेहमीचा लहान खंड्या झाडीच्या सावलीत शिरला, की चांगलाच गडद वाटू लागतो. नारिंगी रंग मात्र रंगद्रव्याचा असतो आणि उजेडानुसार तो इतका पालटत नाही. म्हणून अशा वेळी आधी गाल पाहावा.

लहान खंड्याच्या डोळ्यामागे, कानाच्या जागी नारिंगी पट्टा असतो आणि त्यामागे मानेच्या बाजूला पांढरा डाग. प्रौढ निळकान खंड्याच्या मानेवरही हा पांढरा डाग असतो, परंतु कानाची जागा निळी असते आणि पोटाचा नारिंगी रंग अधिक गडद असतो. येथे एक अडचण आहे. निळकान खंड्याच्या अल्पवयीन पक्ष्यांच्या गालावरही नारिंगी छटा असते. म्हणजे निळा गाल हा भक्कम पुरावा ठरतो, नारिंगी गाल तेवढा ठरत नाही. काळी चोच की खालची अर्धी तांबडी, यावरून जात ठरवण्याचा मोह अनेकांना होतो, पण लहान खंड्यात तो नर-मादीचा फरक आहे : नराची चोच काळी, मादीची खालची चोच तांबूस.

अधिवासाचा आधार घ्यावा, पण बेताने. निळकान खंड्या दाट जंगलातील सावलीचे ओढे पसंत करतो, तर लहान खंड्या नदी, कालवा, तलाव असा सर्वत्र आढळतो आणि जंगलातल्या ओढ्यावरही येतो. आपल्या पत्रात गालाचा उल्लेख नाही, त्यामुळे वहीत ‘निळकान’ असे न लिहिता ‘लहान किंवा निळकान, अनिश्चित’ अशी नोंद करावी, असे माझे मत आहे. चुकीच्या खात्रीपेक्षा अशी अर्धवट नोंद पुढे जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : साताऱ्याजवळ आमच्या शेतातील विजेच्या तारेवर लाल चोचीचा मोठा खंड्या रोज बसतो, पण आसपास पाणी नाही. मित्र त्याला घोंगी खंड्या म्हणतो. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा नाही. शेतातल्या तारेवर बसणारा लाल चोचीचा पक्षी आपला नेहमीचा पांढऱ्या गळ्याचा खंड्या असण्याचीच शक्यता जास्त आहे. हा मासळीवर अवलंबून नसतो; टोळ, इतर किडे, सरडे यांवरही त्याचे भागते, म्हणून तो पाण्यापासून दूर सहज राहतो. त्याचे डोके आणि पोट चॉकलेटी असते, गळा व छाती पांढरी, आणि लांबी सुमारे 28 सेंटीमीटर. घोंगी खंड्या त्याहून बराच मोठा, 35 सेंटीमीटर किंवा अधिक. त्याचे डोके मळकट तपकिरी, मान आणि पोट पिवळसर बदामी, चोच अवजड, आणि मुक्काम झाडीतल्या पाण्याजवळ. कवड्या खंड्या काळा-पांढरा असल्याने त्याचा या दोघांशी घोटाळा होत नाही.

लाल चोच दोघांनाही असल्यामुळे ती पाहून काही साधणार नाही. पक्षी तारेवरून उडेल तेव्हा पंख पाहा : पांढऱ्या गळ्याच्या खंड्याच्या उघडलेल्या पंखात मोठा पांढरा पट्टा स्पष्ट चमकतो, घोंगी खंड्याच्या पंखात तो नसतो.