खांदा आखडलाय, व्यायामाने सुटेल का?

प्रश्न : वय ५२, डायबेटिस आहे. चार महिन्यांपासून डावा खांदा जाम झालाय, हात मागे नेऊन हुक लावता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपणं तर अशक्यच. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगून फिजिओथेरपी लिहून दिलीये, पण हात हलवला की जीव जातो. मग व्यायाम कसा करू?

उत्तर : ताई, तुमचा त्रास अगदी खरा आहे, त्यात नाटक काही नाही. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण सुजून जाड आणि घट्ट होतं, म्हणून हात दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही. डायबेटिसवाल्यांना हे जास्त होतं, त्यामुळे शुगर सांभाळाच. आता दुखणं जोरात आहे तोवर हात ओढून ताणून घ्यायचा नाही, कुणी जबरदस्तीने वर करत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. आधी दहा मिनिटं शेक घ्या, मग टेबलाला चांगल्या हाताने टेकून वाका, दुखरा हात सैल सोडा आणि लंबकासारखा हळूहळू झुलवा, दिवसातून दोनतीनदा थोडं थोडं. दुखणं उतरलं की भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, मागून टॉवेल धरून ताण द्यायचा, तेही फिजिओला विचारूनच. व्यायामानंतर रात्रभर ठणकलं तर प्रमाण कमी करा, पण बंद नका करू. झोपच लागत नसेल तर खांद्यात द्यायच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोला, त्याने दुखणं कमी होऊन व्यायाम जमतो, फक्त काही दिवस शुगर वाढू शकते तेव्हा तपासत राहा. वेळ लागतो, कधीकधी वर्ष दोन वर्षंही, पण बहुतेकांचा हात बराच मोकळा होतो.