ड्रेस्डेनच्या भिंतीवरची घोडेस्वारांची मिरवणूक उघड्यावर असूनही फिकी का पडत नाही?

तुम्ही जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या त्या लांबलचक भित्तिचित्राबद्दल विचारलंय, आणि ते मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र, आहे का हेही. मोझेक नाही. त्या माइसेन गावच्या कारखान्यातल्या चिनीमातीच्या फरशा आहेत, सुमारे 23,000. चित्र फरशांवर काढून भट्टीत भाजलंय, त्यामुळे उन्हापावसाचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही. फरशा इतक्या घट्ट बसवल्यात की मी चार पावलं मागं सरकलो तर सांधे दिसेनासे झाले.

या चित्राला फ्युर्स्टनझुग म्हणतात, म्हणजे राजेरजवाड्यांची मिरवणूक. लांबी 102 मीटर. पण मुळात ते असं नव्हतं. ड्रेस्डेन ज्यात येतं त्या सॅक्सनी प्रांतावर राज्य करणाऱ्या वेटिन घराण्याला 1889 साली 800 वर्षं होणार होती. त्या निमित्तानं विल्हेल्म वाल्टर या चित्रकारानं 1870च्या दशकात राजवाड्याच्या पागेच्या भिंतीवर हीच मिरवणूक गिलाव्यात खरवडून काढली. वरचा थर ओला असतानाच खरवडायचा आणि खालचा वेगळा रंग रेषारेषांनी उघडा करायचा, अशी ती पद्धत. उघड्या भिंतीवर ते काम टिकेना, काही दशकांतच विरू लागलं. म्हणून 1904 ते 1907 दरम्यान सगळं चित्र फरशांवर उतरवलं.

त्या निर्णयाची खरी परीक्षा 13 फेब्रुवारी 1945च्या रात्री झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीनं जुनं शहर पेटलं. जवळचंच फ्राउएनकिर्ख हे चर्च दोन दिवसांनी कोसळलं. ही भिंत मात्र जवळपास शाबूत राहिली. 1,300 अंशांहून जास्त आचेत भाजलेल्या फरशा त्या! मला हे समजलं तेव्हा मी परत जाऊन पुन्हा एकदा त्या भिंतीसमोर उभा राहिलो.

मिरवणुकीत 35 राज्यकर्ते आहेत, प्रत्येकाखाली नाव आहे. चिलखतं, झुली आणि टोप शतकागणिक बदलत जातात, ते सावकाश बघा. ऑगस्ट द स्ट्राँगच्या घोड्याच्या टापेखाली गुलाब दिसेल. पोलंडच्या गादीसाठी त्यानं धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा प्रॉटेस्टंट पंथ सोडला होता, आणि गुलाब हे ल्यूथरचं चिन्ह.

बहुतेक जण राजांचे फोटो काढून निघून जातात. तुम्ही शेपटापर्यंत चालत जा. तिथं घोडे संपतात आणि विद्वान, कलावंत, कारागीर, शेतकरी पायी चालताना दिसतात. अगदी शेवटी दाढीवाला वाल्टर स्वतः आहे.