जुन्या इस्लामी नाण्यांवरून सत्तेची भांडणं कशी कळतात?

शुक्रवारच्या खुत्ब्यात, म्हणजे नमाजाच्या वेळच्या प्रवचनात, कोणाचं नाव घेतलं जातं आणि नाण्यावर कोणाचं कोरलं जातं, या राज्य कोणाचं हे सांगणाऱ्या दोन खुणा. त्यात नाण्यावर बहुधा टांकसाळीचं गाव आणि हिजरी सालही असतं. म्हणजे कुठे, कधी आणि कोणाचा अंमल मानला जात होता, हे एकाच तुकड्यावर मिळतं.

उत्तम उदाहरण अब्बासी घराण्यातला खलिफा हारून अल-रशीद याच्या मुलांचं. 809 मध्ये तो वारला. अमीन बगदादमध्ये खलिफा झाला, मामून पूर्वेकडच्या खुरासान प्रांतात, मर्व शहरात होता. मामूनने तिथल्या नाण्यांवरून भावाचं नाव काढलं. अमीनने चिडून ती नाणी रद्द ठरवली! नंतर मामूनच्या नाण्यांवर ‘इमाम’ ही पदवी आली, खलिफा म्हणवून घेण्याआधीची ही तयारीच. 813 मध्ये अमीन मारला गेला.

पुढचा भाग मला जास्त रंजक वाटतो. 817 मध्ये मामूनने शियांचे आठवे इमाम अली अल-रिदा यांना वारस नेमलं आणि त्यांचं नाव दिरहमांवर, म्हणजे चांदीच्या नाण्यांवर आलं. अब्बासी नातलग खवळले, बगदादमध्ये दुसराच खलिफा उभा केला. 818 मध्ये अल-रिदा वारले.

मात्र नाण्यावर दिसतो तो दावा. ताबा वेगळा असू शकतो. 945 नंतर बगदाद बुवैही घराण्यातल्या अमिरांच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या मुठीत होतं, तरी खलिफाचं नाव नाण्यांवर छापलं जातच राहिलं. शेजारी अमिराचंही नाव असे, तेव्हा दोन्ही नावं वाचावीत.